कौलांवर दरवर्षी परत येणारे शेवाळ: ते का येते आणि केव्हा काढावे

कोकणातल्या कौलारू घरांबद्दल एक तक्रार दरवर्षी ठरल्याप्रमाणे ऐकू येते. मे महिन्यात गडी लावून छप्पर खरवडून घेतले, पाऊस सुरू होण्याआधी कौले नव्यासारखी लाल दिसत होती, आणि श्रावण लागेपर्यंत तेच छप्पर पुन्हा हिरवे झाले. मग पुढच्या वर्षी अधिक कडक ब्रश आणला जातो, त्याच्या पुढच्या वर्षी ॲसिड, आणि शेवटी कौले उतरवून पत्रा घालण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक बहुतेक घरांत दोष औषधाचा किंवा ब्रशचा नसतो, तर वेळेचा असतो. दुसरे असे की छपराच्या ज्या भागात पाणी रेंगाळते तो भाग तसाच ठेवून फक्त वरचा हिरवा थर काढला जातो.

शेवाळाला खरी मुळे नसतात. केसांसारख्या तंतूंनी ते पृष्ठभागाला धरून राहते आणि पाणी सगळ्या अंगाने शोषून घेते. पाणी मिळेनासे झाले की ते मरत नाही, वाळून निपचित पडते. मे महिन्यात कौलावर तपकिरी, चुरचुरीत पापुद्रा दिसतो तो याच अवस्थेतला असतो. त्यावर तारेचा ब्रश फिरवला की त्याचे बारीक तुकडे होतात, ते वाऱ्याने आणि खराट्याने छपरभर पसरतात, कौलांच्या खाचांत जाऊन बसतात, आणि यांतल्या पुष्कळ तुकड्यांपासून नवे शेवाळ उगवू शकते. म्हणजे वाळलेले शेवाळ न मारता मे महिन्यात खरवडणे ही त्याची पेरणीच होय, आणि मृगाचा पाऊस तर दाराशीच उभा असतो.

आधी छपरावर काय वाढले आहे ते ओळखावे

छपरावरचा प्रत्येक डाग शेवाळाचा नसतो आणि सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. कौलांवरून ओघळल्यासारखे काळे पट्टे दिसत असतील तर ते सूक्ष्मजीवांचे डाग असतात. ते दिसायला वाईट असले तरी त्यांना जाडी नसते, त्यामुळे ते पाणी अडवत नाहीत. बोटाला बुळबुळीत लागणारा पातळ हिरवा थर पावसाळ्यात सगळीकडेच येतो, आणि उन्हाची चार तिरपी लागली की तो आपोआप जातो. राखाडी-पांढरे, कडेने नक्षीदार, कौलाला घट्ट चिकटलेले गोल चट्टे दिसत असतील तर ते गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद आहेत. ते अतिशय सावकाश वाढतात आणि ओढून काढताना कौलाची पापडी सोबत घेऊन येतात, म्हणून त्यांच्या मागे न लागणेच शहाणपणाचे ठरते. खरी काळजी करावी ती उशीसारख्या फुगीर, मऊ, हिरव्या गाद्यांची. त्यांखाली धूळ आणि कुजलेला पाला साठून काळी माती तयार होते, त्या मातीत नेचे उगवते, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी रुजले की प्रश्न शेवाळाचा राहत नाही.

या गाद्या घराचे नुकसान कसे करतात हे समजून घ्यायचे असेल तर वळचणीजवळचे एक मंगळुरी कौल उचलून पाहावे. मंगळुरी कौलाच्या एका कडेला उभी खाच आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी कडा असते. वरून आलेले पाणी खाचेतून खाली वाहून जावे अशी ती रचना आहे, आणि १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढल्यानंतर हे कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरले ते त्या रचनेच्याच जोरावर. शेवाळ धरलेल्या कौलाच्या या खाचेत सुतळीएवढी जाड हिरवी वात बसलेली दिसते. बोटाने ती उचलली तर अखंड निघते, तिच्याखाली ओला काळा गाळ असतो, आणि कौलाखालची रीप, म्हणजे कौल ज्यावर टेकते ती आडवी लाकडी पट्टी, तेवढ्याच भागात काळवंडून नखाने दबेल इतकी मऊ झालेली असते. खाच बुजल्यामुळे पाणी कडेवरून आत उतरते, रिपेवरून किंवा वाशावरून वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. म्हणूनच गळती एका खोलीत आणि तिचे कारण चार हात वर, असा प्रकार वारंवार होतो, आणि फुटलेले कौल शोधूनही सापडत नाही, कारण फुटलेले कौल मुळात नसतेच.

पाणी कुठे रेंगाळते ते शोधावे

छपराच्या चारही बाजूंचे फोटो काढून शेवाळाचा नकाशा मनात पक्का करावा, कारण ते कधीच सगळीकडे सारखे नसते. इंटरनेटवर जो तो उत्तरेकडच्या उताराला दोष देतो. तो सल्ला युरोप-अमेरिकेतला आहे आणि आपल्याकडे तो अर्धाच लागू होतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १७ अंश उत्तरेला, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि पावसाळ्यात ढगांमुळे कोणत्याच उताराला धड ऊन मिळत नाही. फरक पडतो तो नंतर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात सूर्य दक्षिणेला झुकतो, दक्षिणेकडचा उतार लवकर सुकतो, आणि उत्तरेकडच्या उतारावरचे शेवाळ आणखी कितीतरी दिवस हिरवे राहते. याउलट नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येणाऱ्या पावसाचा मारा पश्चिम आणि दक्षिण बाजू अधिक सोसतात. त्यामुळे उत्तरेच्या उतारावर गाद्या जाड असणे स्वाभाविक मानावे, पण पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या उतारावर त्या तितक्याच जाड असतील तर तिथे सावली, पाला किंवा सच्छिद्र कौल यांपैकी काहीतरी आहे असे समजावे.

पडवीच्या छपराकडे विशेष लक्ष द्यावे. मुख्य छपराचा उतार साधारण ३० अंशांचा असतो, पण घर वाढवताना पडवी पुढे काढली जाते, उंची पुरत नाही म्हणून तिचा उतार कमी ठेवला जातो, आणि वरच्या संपूर्ण छपराचे पाणी त्या मंद उतारावर येऊन पडते. शेवाळाच्या सर्वांत जाड गाद्या बहुतेक घरांत इथेच सापडतात. पडवीचा उतार २० अंशांच्याही खाली असेल तर तिथे कौल टिकवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या भागावर पत्रा घालावा, किंवा वासे नव्याने लावून उतार वाढवावा. कोणतेही रसायन उताराची उणीव भरून काढू शकत नाही.

झाडांच्या बाबतीत आंबा आणि फणस यांची छपरावर आलेली फांदी दुहेरी त्रास देते, कारण ती ऊन अडवते आणि तिचा पाला खाचांत कुजतो. झाड तोडण्याची गरज नसते. छपरावरची फांदी छाटून दुपारचे दोन-तीन तास ऊन आत येऊ दिले तरी पुष्कळ काम होते. बांबूचे बेट मात्र फार पाला टाकते आणि घराला खेटून असेल तर ते मागे हटवावेच लागते.

घर आतून कसे आहे यावरही कौल किती लवकर सुकेल हे अवलंबून असते. पूर्वी चुलीच्या उबेने स्वयंपाकघरावरची कौले आतून सुकत आणि धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडत असे. आता कौलांखाली प्लायवूडचे किंवा पीव्हीसीचे छत मारले जाते, मधल्या पोकळीतली हवा कोंडते, आणि मुंबईला राहणाऱ्या मालकाचे घर वर्षातले दहा महिने बंद असते. अशा छतात दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवले तर कौले आणि वासे दोन्ही कोरडे राहण्यास मदत होते.

गणपतीत फक्त पाहावे, औषध दिवाळीच्या सुमारास मारावे

चाकरमानी गणपतीला घरी येतात तेव्हा छप्पर सर्वाधिक हिरवे असते आणि सगळे हाताशी असताना आताच काम उरकून घेऊ, असा मोह होतो. तो टाळावा. भाद्रपदात छप्पर निसरडे असते, भिजलेले कौल पायाखाली चटकन फुटते, आणि मारलेले औषध पुढच्याच सरीत धुऊन जाते. त्या दिवसांत करण्याजोगे काम एवढेच, की जमिनीवरून फोटो काढावेत, कुठे टपकते त्या जागा आतून खडूने खुणावाव्यात, आणि पाऊस उघडलेला असताना दोघांनी मिळून, एकाने शिडी धरून, पन्हळीत घसरून आलेल्या शेवाळाच्या गाद्या काढाव्यात. पन्हळ तुंबली की पाणी वळचणीच्या फळीत मुरते, आणि हे नुकसान पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही.

औषध मारण्याची खरी वेळ परतीचा पाऊस संपल्यानंतरची, म्हणजे ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य ही आहे, आणि दिवाळी बहुधा याच काळात येते. या वेळी शेवाळ अजून जिवंत आणि किंचित ओलसर असते, त्यामुळे ते औषध शोषून घेते, तर आकाश कोरडे असल्याने औषध धुऊन जात नाही. मे महिन्यात परिस्थिती नेमकी उलट असते. वाळलेला पापुद्रा औषध नीट घेत नाही, आणि घेतले तरी वळवाच्या सरीची भीती असते.

औषधांत दोन पर्याय सहज मिळतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असेल तर तिच्यात सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम पावडर कालवली की साधारण १ टक्क्याचे द्रावण तयार होते. ते प्लॅस्टिकच्या बादलीत अर्धा तास निवळू द्यावे आणि फक्त वरचे स्वच्छ पाणी घ्यावे, कारण खालचा चुना पंपाची तोटी बुजवतो आणि कौलांवर पांढरे डाग पाडतो. हे द्रावण ढगाळ दुपारी किंवा संध्याकाळी मारावे, कारण कडक उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो. दुसरा पर्याय बेंझाल्कोनियम क्लोराईड या जंतुनाशकाचा आहे. ते ५० टक्क्यांच्या द्रावणात मिळाले तर त्याचे १ लिटर पाण्यात मिसळून एकूण २५ लिटर करावे, म्हणजे २ टक्क्यांचे द्रावण होते. ते धुण्याची गरज नसते, त्याने लोखंडी खिळे आणि पत्रे क्लोरीनइतके गंजत नाहीत, आणि ते सावकाश पण खोलवर काम करते. खर्च जास्त असला तरी मी याच औषधाला पसंती देईन, विशेषतः ज्या छपराला पत्र्याची पन्हळ आहे तिथे.

दोन्ही औषधे झाडांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. वळचणीखालची तुळस, जास्वंद, अबोली आधी आणि नंतर साध्या पाण्याने भरपूर भिजवावी, पन्हळीचे पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडलेले असेल तर तो पाइप आधीच काढून ठेवावा, आणि पुढच्या पावसाळ्यातले पहिल्या काही सरींचे पाणीही साठवू नये. बागेत कीटकनाशक फवारलेला पंप या कामाला घेऊ नये. क्लोरीनच्या द्रावणात ॲसिड, फिनेल किंवा अमोनिया असलेले कोणतेही साफसफाईचे द्रव्य चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून निघणारा वायू बंद न्हाणीघरात काय किंवा माळ्यावर काय, जीवघेणा ठरू शकतो. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि अंगभर जुने कपडे हवेतच.

औषधानंतर घाई करू नये. शेवाळ आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत त्याची पकड सुटते. तेव्हा माडाच्या हिरांचा खराटा किंवा नायलॉनचा ब्रश आढ्याकडून वळचणीकडे फिरवावा, उलटा कधीही नाही, कारण उलट झाडल्यास कचरा कौलांच्या खाली ढकलला जातो. खाचांतल्या वाती बोथट लाकडी पट्टीने काढाव्यात. निघालेला कचरा छपराखाली न टाकता पोत्यात भरून दूर न्यावा. कौलांवरून चालताना पाय रिपेच्या वरच, म्हणजे दोन कौले एकमेकांवर चढतात त्या ओळीवर द्यावा, आणि शक्य तिथे आडवी फळी किंवा बांबूची शिडी टाकून भार वाटून द्यावा. वळचणीजवळून जाणारी विजेची वायर आणि कोन्यांखाली, म्हणजे आढ्यावर बसवलेल्या कौलांखाली, असणारी गांधीलमाश्यांची पोळी आधी पाहून घ्यावीत. ज्याला या कामाची सवय आहे त्यालाच वर चढवावे, आणि दोर बांधल्याशिवाय तर कोणालाच नाही.

मे महिन्यातली शाकारणी रद्द करायची नाही, फक्त तिचे काम बदलायचे आहे. पाला काढणे, सरकलेली कौले बसवणे, माकडांनी फोडलेली बदलणे आणि कोन्यांचे चुन्याचे किंवा सिमेंटचे सांधे पाहणे एवढेच तिने करावे.

जे उपाय करू नयेत

दाबाच्या पाण्याचा फवारा कौले झटक्यात लाल करतो आणि म्हणूनच तो लोकप्रिय झाला आहे. पण भट्टीत तयार झालेला कौलाचा वरचा गुळगुळीत थर त्याने झिजतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि पुढच्या वर्षी शेवाळाला पकड अधिक सोपी जाते. शिवाय ते पाणी खालून वर मारले तर थेट माळ्यावर उतरते. तारेच्या ब्रशाचे आणि ॲसिडचेही असेच आहे. सुपारीच्या बागेत कोळेरोगावर मारलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) उरले म्हणून छपरावर फवारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे, पण निळसर डाग राहतात, ॲल्युमिनियमची पन्हळ आणि जस्ताचा मुलामा खाल्ला जातो, आणि तांबे विहिरीच्या वाटेला लागते. मीठ टाकण्याचा घरगुती उपाय कौलांवर निरुपयोगी असतो, आणि स्लॅबवर तो धोकादायक ठरतो, कारण मिठातले क्लोराईड काँक्रीटमध्ये मुरून सळया गंजवते.

ऑइलपेंट किंवा जाड थर देणारा कोणताही रंग कौलांना लावू नये. कौल खालून ओलावा घेत राहते, तो बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे निघून त्यांच्याखाली शेवाळ धरते. काही लावायचेच असेल तर कौल श्वास घेऊ शकेल असे सिलेन-सिलॉक्सेन जातीचे पाणीरोधक घ्यावे, आणि तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये, छप्पर स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असताना.

तेच कौल पुन्हा हिरवे झाले तर

पुढच्या पावसाळ्यातले फोटो मागच्या फोटोंशेजारी ठेवून पाहावेत. आजूबाजूची कौले स्वच्छ आणि मधलीच काही हिरवी झाली असतील तर ती कौले कच्ची भाजलेली आहेत. अशा कौलावर बोटाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येत नाही, बद्द वाजते. खात्री करण्यासाठी कौल उन्हात कडकडीत वाळवून वजन करावे, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा वजन करावे. अडीच किलोचे कौल अर्धा किलोहून अधिक पाणी पीत असेल तर ते बदलावे. बदली कौल आणण्यापूर्वी जुन्याच्या पाठीवरचा कारखान्याचा ठसा पाहावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि न बसणारे कौल नव्या गळतीला निमंत्रण देते.

हिरवा भाग पट्ट्यासारखा आढ्यापासून खाली येत असेल तर वर कुठे पाला अडकतो ते पाहावे. याच निरीक्षणात एक उपयोगी गोष्ट सापडते. अँटेनाची जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा पत्र्याची पट्टी आढ्यावर असेल तर तिच्या बरोबर खाली कौलांचा स्वच्छ लाल पट्टा दिसतो, कारण पावसाच्या पाण्याबरोबर उतरणारे जस्त शेवाळाला वाढू देत नाही. त्याच तत्त्वावर कोन्यांच्या लगेच खाली जस्ताची पट्टी बसवता येते. आपल्याकडच्या धो-धो पावसात तिचा परिणाम वरच्या काही ओळींपुरताच राहतो, म्हणून लांब उतारावर एकाच पट्टीवर विसंबून राहू नये.

स्लॅबच्या गच्चीसाठी निदान सोपे आहे. पावसाळ्यात कठड्याच्या कोपऱ्यांत शेवाळ दिसणे म्हणजे उतार पुरेसा नाही किंवा पाण्याची जाळी तुंबली आहे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी जिथे डबके उरते त्या जागेभोवती खडूने रेघ मारावी, आणि कोबा दुरुस्त करताना तिथून जाळीपर्यंत मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार मिळेल असे पाहावे. मार्च महिन्यात शेवाळ हिरवेगार असेल तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, सोलर हीटरचा सांधा किंवा एसीची नळी यांपैकी एक तिथे रोज पाणी सोडत आहे.

सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर असेल तर वरची कोणतीही घासकाम-पद्धत वापरू नये. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, घासल्याने किंवा दाबाच्या पाण्याने त्याचे तंतू सुटतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. हे पत्रे माणसाचा भारही धरत नाहीत. त्यांवर शिडीवरून लांब नळीच्या पंपाने बेंझाल्कोनियम फवारावे आणि शेवाळ आपोआप गळू द्यावे. पत्रा चिरलेला असेल तर छप्परच बदलण्याची वेळ आली असे समजावे, आणि पत्रे उतरवताना ते न फोडता, ओले करून, अखंड खाली घ्यावेत.